मी तिची मान मोडली होती

दिल्लीत मी सदतीस वर्षं नोकरी केली आणि त्यातली निदान तीस वर्षं लोकांच्या माना मोडल्या. वाचणारा दचकायला नको म्हणून लगेच सांगतो, आपल्याकडे बोटं मोडतात तशी मानही मोडतात. दाढी झाल्यावर न्हावी हनुवटी आणि डोकं धरून हिसका देतो, कट्ट असा आवाज येतो आणि गिऱ्हाईक डोळे मिटून सुस्कारा सोडतं, तेच ते. मला ही विद्या नागपूरच्या वसतिगृहात मिळाली. आमच्या खोलीत बी.ए.ला तिसऱ्यांदा बसलेला एक पैलवान होता. अभ्यास त्याच्या बापजन्मी जमला नसता, पण हात सोन्याचे होते. त्याने शिकवलं, एक तळवा हनुवटीखाली, दुसरा कानामागे, समोरच्याला बोलण्यात गुंतवायचं, आणि त्याचं लक्ष नाही असं बघून हिसका द्यायचा. लक्ष असलं की माणूस मान धरून ठेवतो.

पुढे केंद्र सरकारच्या एका भवनात मी असिस्टंट म्हणून लागलो आणि सेक्शन ऑफिसर होऊन निवृत्त झालो. जेवणाच्या सुट्टीत माझ्या टेबलापाशी रांग लागे. क्लार्क तर यायचेच, पण अंडर सेक्रेटरी यायचे, एकदोन डेप्युटी सेक्रेटरीही यायचे. ‘कोट्यातून आलेला’ असं माझ्या पाठीमागे म्हणणारेही त्यांत होते, आणि कोण काय म्हणतो हे सरकारी कचेरीत संध्याकाळपर्यंत ज्याचं त्याला कळतंच. ते माझ्या खुर्चीत बसत, टाय सैल करत, डोळे मिटत आणि मान माझ्या हातात देत. मला त्याचं फार सुख वाटे. खोटं कशाला बोलू? ज्याच्या आजाने माझ्या आजाला विहिरीच्या काठावर उभं केलं नसतं, त्याचं डोकं माझ्या दोन तळव्यांत, आणि तो म्हणतोय, ‘भाईसाहब, थोड़ा और!’ घरी येऊन मी बायकोला सांगायचो की आज अमुक साहेबाने माझ्यापुढे मान तुकवली. ती म्हणायची, ‘मान तुकवली नाही, दुखत होती.’

मुलगी एकच. पाचवीपर्यंत पहाडगंजच्या मराठी शाळेत शिकली, मग हिंदी आणि इंग्रजीत गेली. आता नोएडात सॉफ्टवेअर कंपनीत आहे आणि आम्ही दोघं तिच्याच फ्लॅटवर नवव्या मजल्यावर राहतो. तिचं मराठी चांगलं आहे, फक्त त्याला भोकं आहेत. सांडशीला ती ‘ते पकडायचं’ म्हणते. मी चिडलो की म्हणते, ‘चलो बाबा, समजलं ना तुम्हाला? मग झालं.’ बापाला ‘तुम्ही’ म्हणते आणि त्याच वाक्यात ‘यार’सुद्धा म्हणते. मी रागावल्यासारखं करतो, पण मला ते आवडतं.

मान मोडून काम करणं म्हणतात ते तिच्याकडे बघावं. लॅपटॉप मांडीवर, फोन खांदा आणि कान यांच्यामध्ये धरलेला, आणि असे दहा-दहा तास. गेल्या ऑगस्टमध्ये तिला आठवडाभर खोकला होता. त्यात शुक्रवारी ऑफिसच्या कॅबने एक्सप्रेसवेवर जोरात ब्रेक मारला आणि तिला झटका बसला. बायको तेव्हा नागपूरला होती, तिच्या भावाचं पित्ताशयाचं ऑपरेशन होतं. रविवारी सकाळी मी पोहे केले. मुलगी खाऊन झाल्यावर मोढ्यावर, म्हणजे वेताच्या बैठ्या स्टुलावर, माझ्याकडे पाठ करून बसली आणि म्हणाली, ‘बाबा, गर्दन एकदम जाम झालीय यार. मोडून द्या ना.’

मी खांदे चोळले. मग हनुवटीखाली तळवा घेतला आणि विचारलं, ‘तुझ्या त्या मॅनेजरचं लग्न जमलं का?’ ती हसून सांगायला लागली आणि मी हिसका दिला. डावीकडे दोन बारीक आवाज झाले. उजवीकडे एकच झाला, पण मोठा. ‘बिल्कुल मस्त,’ ती म्हणाली. मी हात झटकले आणि कप विसळायला गेलो.

सोमवारी तिच्या उजव्या कानामागे दुखायला लागलं. मान धरली असेल म्हणून मी मलम लावलं. संध्याकाळी ऑफिसातून आली तेव्हा म्हणाली, ‘बाबा, हे वेगळं दुखतंय. असं मला कधी दुखलं नाही.’ मी म्हणालो, ‘शीर आखडली असेल, दोन दिवसांत मोकळी होईल.’ आयुष्यभर मी हेच बोलत आलो, शीर आखडली, शीर मोकळी केली. मराठीत शीर म्हटलं की सगळं त्यात आलं, आणि आपण नक्की काय मोकळं करतो हे मी स्वतःला एकदाही विचारलं नव्हतं.

मंगळवारी दुपारी ती ऑफिसातून लवकर परतली. चक्कर येत होती, दोनदा उलटी झाली होती, डोकं मागून ठणकत होतं. मी तिला कॅबमध्ये घातलं आणि जवळच्या हॉस्पिटलच्या कॅज्युअल्टीत नेलं. तिथे डॉक्टर होता तो तिच्यापेक्षाही लहान असावा. बिचारा एका वेळी चार पेशंट बघत होता. त्याने हातांची पकड बघितली, डोळ्यांपुढे बोट फिरवलं, आणि लिहिता लिहिता विचारलं, ‘गर्दन में कोई झटका-वटका लगा? एक्सीडेंट, जिम, कुछ?’

मुलगी डोळे मिटून पडली होती. तिने हाताने ‘नाही’ अशी खूण केली. कॅबचा झटका त्या वेळी आम्हा दोघांनाही आठवला नाही.

इथे मी बोललो. माझं बोलणं मला शब्दन्‌शब्द पाठ आहे. मी म्हणालो, ‘संडे को मैंने इसकी गर्दन मोड़ी थी।’

मराठीत हा कबुलीजबाब होता. हिंदीत तो काहीच नव्हता. हिंदीत मोड़ना म्हणजे वळवणं, रस्ता मुड़ता है, गाडी मोड़ते हैं. मान तर सगळेच मोड़ते हैं, रस्ता ओलांडताना दोनदा. नवीन मराठी माणूस दिल्लीत अशी चूक करतो, त्याला हसून सोडून द्यावं. पण मी नवीन नव्हतो. मी जवळजवळ चार दशकं हिंदीत नोट्स लिहिल्या होत्या आणि दुसऱ्यांची हिंदी दुरुस्त केली होती. गर्दन चटकाई हा शब्द मला माहीत होता, आमच्या कचेरीत तोच चालत असे. जिभेवर घरचा शब्द आला, तिथपर्यंत चूक म्हणता येईल.

डॉक्टरने मात्र पेन थांबवलं. वर बघून विचारलं, ‘मोड़ी मतलब? एक्सरसाइज़?’

त्याने दार उघडून धरलं होतं. मला एवढंच म्हणायचं होतं, नाही, झटका देऊन आवाज काढला. पण मनात आलं, हा पोरगा आता सगळ्यांसमोर विचारेल, किसने सिखाया, आप डॉक्टर हैं क्या? नर्स माझ्याकडे बघत होती. शेजारच्या खाटेवरच्या पेशंटचे नातेवाईक बघत होते. आपणहून जास्त सांगणं म्हणजे हात दाखवून अवलक्षण, असंही वाटलं. आणि खरं कारण या सगळ्याच्या खाली होतं. ज्या एका गोष्टीमुळे लोक माझ्यापुढे बसत आले होते, तीच माझ्या पोरीला बाधली असेल, हे मला बोलवेना.

मी म्हणालो, ‘हाँ, वैसा ही।’

‘अच्छा, स्ट्रेचिंग,’ असं म्हणून त्याने ते लिहून घेतलं. मग इंजेक्शन दिलं आणि सांगितलं की कानाचा बॅलन्स बिघडल्यासारखा वाटतोय, गोळ्या देतो, हातपाय जड झाले किंवा बोलण्यात फरक पडला तर ताबडतोब परत आणा. दोन तासांनी तिला बरं वाटलं. कॅबमध्ये तिने डोकं सीटला टेकलं होतं आणि माझ्याशी एक शब्द बोलली नाही. मला वाटलं, औषधाची गुंगी आहे.

बुधवारी सकाळी साडेसातला ती बेसिनपाशी दात घासत होती. मी स्वयंपाकघरात होतो. चूळ भरल्याचा आवाज आला, मग ठसका लागला, मग काहीतरी पडलं. जाऊन बघतो तर ती उजवीकडे कलून भिंतीला अडकली होती. पाणी तोंडाच्या कोपऱ्यातून गळत होतं. उजव्या डोळ्याची पापणी अर्धी खाली आली होती. ‘बाबा,’ ती म्हणाली, पण तो आवाज तिचा नव्हता, घशात कापूस कोंबल्यासारखा होता. आणि उचकी सुरू झाली. साधी उचकी, पण ती थांबेना. लिफ्टमध्ये उचकी, अँब्युलन्समध्ये उचकी. आपल्याकडे उचकी लागली की कोण आठवण काढतंय म्हणून विचारतात. मी तिचा हात धरून बसलो होतो.

या वेळी मेंदूच्या मोठ्या डॉक्टरीणबाई खाली आल्या. पन्नाशीच्या, बारीक चष्मा, आवाज अगदी हळू. त्यांनी मला काही विचारण्याआधीच मी त्यांच्यापुढे उभा राहिलो. म्हणालो, ‘मॅडम, कल मैंने ग़लत बताया। मैंने इसकी गर्दन चटकाई थी। झटके से।’ आणि हवेत दोन्ही हात धरून दाखवलं, असा तळवा, असा तळवा, आणि असा हिसका. ‘राइट साइड में ज़ोर की आवाज़ आई थी।’ वॉर्डबॉय, नर्स, दारातला गार्ड, सगळे थांबले होते. बाईंनी माझ्या हातांकडे बघितलं. मग मागे वळून कोणाला तरी सांगितलं की मेंदूबरोबर मानेच्या रक्तवाहिन्यांचाही स्कॅन लगेच करा.

दुपारी त्यांनी मला पडद्यावर चित्र दाखवलं. मानेतून चार मोठ्या रक्तवाहिन्या मेंदूकडे जातात. दोन पुढून, ज्या गळ्याला बोट लावलं की उडताना लागतात. दोन मागून, मणक्यांच्या हाडांमधल्या भोकांतून वर चढतात आणि कवटीत शिरण्याआधी एक वळण घेतात. मान झटक्यात फिरली की त्या वळणावर ताण येतो. रक्तवाहिनीला अस्तर असतं. ते आतून उसवलं तर रक्त अस्तर आणि कापड यांच्यामध्ये शिरतं, तिथे साकळतं, वाट अरुंद होते, आणि साकळलेल्याचा एखादा कण सुटून वर गेला की मेंदूचा तेवढा भाग बंद पडतो. तिची उजवी मागची रक्तवाहिनी अशी उसवली होती. बाई हे हिंदीत सांगत होत्या आणि मी फायलीवर सही करण्यापूर्वी वाचावं तसं ऐकत होतो, एकेक शब्द.

मी विचारलं, ‘मेरे झटके से हुआ?’

त्या म्हणाल्या, ‘शायद।’ मग समजावून सांगितलं. कॅबचा झटकाही असू शकतो. आठवडाभराचा खोकलाही. काहींच्या रक्तवाहिन्या मुळातच नाजूक असतात, त्यांना छताचा पंखा पुसताना वर बघितलं तरी पुरतं. आणि असंही असू शकतं की शुक्रवारीच ती उसवली होती, म्हणून मान दुखत होती, म्हणून ती तुमच्याकडे आली. हज़ारों लोग चटकवाते हैं, कुछ नहीं होता. कोणाला होईल ते आधी सांगता येत नाही, म्हणून आम्ही कोणालाच करू नका म्हणतो.

मी विचारलं, ‘कल ठीक से बताता तो?’

दुसरी कोणी खोटं बोलली असती. त्या म्हणाल्या, ‘शायद।’

मला फाशी तरी हवी होती नाहीतर सुटका. दोन्ही प्रश्नांना एकच शब्द मिळाला. सरकारी नोकरीत मी स्वतः शेकडो फायलींवर ‘विचाराधीन’ असं लिहिलं होतं. त्या फायलीतल्या माणसाचं काय होत असेल, ते त्या दिवशी कळलं.

गुरुवारी सकाळी बायको नागपूरहून आली. पोरीच्या नाकात नळी होती, कारण गिळता येत नव्हतं. थुंकीसुद्धा रुमालात टाकावी लागत होती. बायकोने तिच्या कपाळावर हात ठेवला, मग बाहेर आली. मी तिला लिफ्टसमोरच्या बाकावर बसवून सगळं सांगितलं. रविवारचं सांगितलं आणि मंगळवारचंही सांगितलं. मला वाटलं होतं, ती ओरडेल. तिने पदर सावरला. मग विचारलं, ‘मंगळवारचं तिला माहीत आहे?’

‘नाही.’

‘मग तुम्ही सांगा. मी सांगणार नाही.’

मी म्हणालो, बरी होऊ दे, मग सांगतो.

रक्त पातळ करण्याची औषधं चालू झाली. उचकी चौथ्या दिवशी थांबली. बाराव्या दिवशी नळी निघाली आणि तिने घट्ट दह्याचा एक चमचा गिळला, तेव्हा बायको रडली आणि मी गॅलरीत गेलो. घरी आल्यावर ती भिंतीला हात लावत चालायची, उजवीकडे झोकांड्या जायच्या. आवाज घोगरा राहिला. सगळ्यांत विचित्र गोष्ट आम्हाला स्वयंपाकघरात कळली. डाव्या हाताने तिने तापलेली वाटी उचलली आणि धरूनच ठेवली. स्पर्श कळत होता, पण गरम कळत नव्हतं. उजवा गाल आणि डावं अंग, यांना थंड-गरम समजेनासं झालं होतं. बाईंनी सांगितलं की मेंदूतल्या वाटाच तशा तिरक्या आहेत, काही परत येईल, काही येणार नाही. तेव्हापासून आंघोळीचं पाणी बायको कोपर घालून बघते आणि मगच तिला आत सोडते.

आणि मी गप्प झालो. ज्या माणसाने आयुष्यात भाजीवाल्याला सुखाने भाजी विकू दिली नाही, तो घरात ‘हो’ आणि ‘बरं’ एवढंच बोलायला लागला. दर रविवारी ठरवायचो की आज सांगायचं. पोरगी हसत असली तर वाटायचं, कशाला हसणं घालवा. उदास असली तर वाटायचं, त्यात आणखी भर नको. बायको महिन्यातून एकदा विचारायची, ‘सांगितलंत?’ आणि मी फोन बघत असल्यासारखं करायचो. शेवटी तिने विचारणं सोडलं, ते जास्त लागलं.

मधे एकदा केस कापायला गेलो. सेक्टरच्या मार्केटमधला न्हावी ओळखीचा आहे. केस झाले, पावडर झाली, आणि त्याने सवयीने माझं डोकं दोन्ही हातांत घेतलं. मी त्याची मनगटं धरली. इतकी घट्ट की तो घाबरला.

‘क्या हुआ अंकल?’

मी म्हणालो, ‘ये मत किया करो। किसी को मत किया करो।’

तो हसला. ‘अंकल, बीस साल से कर रहा हूँ। आज तक किसी को कुछ नहीं हुआ।’

‘मैंने तीस साल किया,’ मी म्हणालो. ‘मेरा भी यही कहना था।’ आणि तिथे, पाच-सहा गिऱ्हाइकांसमोर, मी सगळं सांगून टाकलं. पोरगी, नळी, पापणी, सगळं. आवाज चढला होता. एकाने टीव्ही बंद केला. न्हावी बिचारा कंगवा धरून उभा होता. त्याचा काय दोष? त्याला तरी कोणी सांगितलं होतं? बाहेर पडलो तेव्हा लक्षात आलं की मी अनोळखी लोकांना मंगळवारचंही सांगितलं होतं. जिला सांगायचं ती घरी बसली होती, चार मिनिटांच्या अंतरावर.

तरी आणखी तीन आठवडे गेले. माणूस किती भित्रा असू शकतो याचा अंदाज मला साठी उलटल्यावर आला.

जानेवारीत ऊन पडलं. दिल्लीत चार-पाच दिवस धुकं असलं आणि मग ऊन आलं की सगळी वस्ती गच्चीवर आणि गॅलरीत येते. मुलगी गॅलरीत खुर्ची टाकून बसली होती आणि नागपूरहून मेहुण्याने पाठवलेली संत्री सोलत होती. एकेक फोड तोंडात धरून, हनुवटी छातीशी आणून गिळायची, तसं तिला शिकवलं होतं. मी तिच्या मागे दारात उभा होतो. समोर गेलो असतो तर कदाचित पुन्हा राहिलं असतं. मागे उभं राहूनच मी बोललो.

‘मला तुला एक सांगायचं आहे. त्या मंगळवारी, कॅज्युअल्टीत, डॉक्टरने विचारलं होतं. मी मोड़ी म्हणालो. त्याला कळलं नाही हे मला कळलं होतं. त्याने परत विचारलं, आणि मी खोटं बोललो. तुझा एक दिवस माझ्यामुळे गेला.’

ती संत्र्याची साल हातात धरून बसली. मागे वळली नाही, तिला पटकन वळायची मनाई आहे. मग त्या घोगऱ्या आवाजात म्हणाली, ‘माहीत आहे बाबा.’

‘आईने सांगितलं?’

‘नाही. मी ऐकत होते ना. चक्कर येत होती म्हणून डोळे मिटले होते, कान थोडेच बंद होते?’ तिने साल मांडीवर ठेवली. ‘त्याने विचारलं, मोड़ी मतलब, तेव्हा मला वाटलं आता बाबा सांगतील. तुम्ही म्हणालात, वैसा ही. मग मला वाटलं मी सांगू. पण मनात आलं, मी सांगितलं आणि खरंच त्यानेच झालं असेल, तर तुमचं काय होईल. तुम्ही कसे आहात मला माहीत आहे ना. म्हणून मग मी पण गप्प राहिले.’

मला आधी राग आला. राग म्हणजे असा की कानशिलं तापली. त्या खोलीत मी माझी लाज सांभाळत होतो आणि चौतीस वर्षांची शिकलेली पोरगी तीही माझीच लाज सांभाळत होती. तिच्या जिवाच्या बाजूने तिथे कोणीच नव्हतं, फक्त तो पोरसवदा डॉक्टर होता, आणि त्याला आम्ही दोघांनी मिळून फसवलं होतं.

‘अगं गाढवे,’ मी ओरडलो. पाच महिन्यांत पहिल्यांदा ओरडलो. ‘जीव तुझा होता! माझं काय व्हायचं ते झालं असतं. मेलो असतो तरी चाललं असतं. माझ्यासाठी म्हणून पुन्हा कधी गप्प बसलीस तर याद राख. मला वाईट वाटो, मला लाज वाटो, बोलायचं. समजलं?’ समोरच्या टॉवरमधल्या बाई कपडे वाळत घालता घालता थांबल्या. आतून बायको आली आणि परत गेली.

मुलीने संत्र्याची फोड परत सालीवर ठेवली.

‘मग आत्ताच एक बोलू?’

‘बोल.’

‘तुम्ही मागे उभे राहिलात ना, की माझी मान आपोआप कडक होते. आत्ता पण झालीय. मी मुद्दाम नाही करत, बाबा. तुमचा पायाचा आवाज आला की होते. रोज होते. आईला पण नाही सांगितलं, तुम्हाला कळलं तर... म्हणून.’

तिचे खांदे खरंच वर आले होते. पाच महिने ते तसे होते आणि मी बघत आलो होतो. मला वाटायचं, आजाराने झालं असेल.

मी आत जाऊन मोढा आणला आणि तिला दिसेन असा समोर ठेवून बसलो. तिने मला संत्र्याची अर्धी बाजू दिली. खांदे खाली यायला थोडा वेळ लागला. हल्ली मी तिच्या खोलीत समोरूनच जातो, आणि तिची पाठ असली तर दारात थांबून आधी हाक मारतो.